अजिंठ्याचा हिरवा, लोणारचा गुलाबी

वाचकांचे प्रश्न, चित्रकर्तीची उत्तरं

या महिन्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच आहे: फिरून आलो, डोळे भरून पाहिलं, घरी येऊन काढायला बसलो आणि चित्र कॅलेंडरसारखं झालं. म्हणून या वेळी जास्त जागा त्यांना. किंमत, प्रवेशपरीक्षा वगैरे प्रश्न शेवटी उरकले आहेत, रागावू नका.

ताई, अजिंठा पाहून आल्यापासून मी बाजारचे रंग सोडले. हळद, बीट, पालक, जास्वंद यांपासून घरीच रंग करते. पण वर्षाच्या आत बिटाचा गुलाबी मळकट तपकिरी झाला, हळद तर उडूनच गेली. अजिंठ्याचे रंग दीड हजार वर्षं टिकले, मग माझे का टिकत नाहीत?
— एक वाचक, कोथरूड

कारण अजिंठ्याच्या चित्रकारांनी भाजी वापरली नव्हती.

तुम्हाला तिथे कोणीतरी ‘हे सगळे पानाफुलांचे रंग’ असं सांगितलं असणार. बहुतेकांना सांगतात. प्रत्यक्षात तो रंगपेटारा जवळजवळ सगळा दगडमातीचा आहे. लाल आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा आणि पांढऱ्या मातीचा. हिरवा तर खास आपला. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात पोकळ्या असतात, त्यांत एक हिरवट, साबणासारखं लागणारं खनिज भरलेलं असतं. तेच कुटून त्यांनी वापरलं. बाहेरून आणावा लागला तो फक्त निळा. तो लाजवर्द, थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. म्हणजे वाघोरा नदीच्या वळणावर बसलेल्या चित्रकाराच्या वाटीत एक रंग पायाखालचा होता आणि एक हिंदुकुशापलीकडचा. मला अजिंठ्यात भारतीय परंपरा वगैरे मोठे शब्द सुचण्याआधी हे सुचतं.

आता टिकण्याचं. हळदीचा पिवळा आणि बिटाचा गुलाबी ही नाजूक सेंद्रिय द्रव्यं. उजेड लागला की ती तुटतात, की रंग गेला. गेरू म्हणजे लोखंडाचं गंजलेलं रूप. जे आधीच गंजलंय ते आणखी काय गंजणार? गेरूला ऊन काही करू शकत नाही. अजिंठ्याच्या चित्रांना त्रास झाला तो पाण्याचा, वटवाघळांचा, पडणाऱ्या गिलाव्याचा, आणि नंतरच्या काळात चित्रं ‘जपण्यासाठी’ फासलेल्या वॉर्निशाचा, जे पिवळं पडून बसलं.

तुम्हाला घरीच रंग करायचा असेल तर गेरूपासून सुरुवात करा. तुळशी वृंदावनाला लावतो तो चालेल, पण आधी तपासा. चमचाभर गेरू पेलाभर पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी नितळ असेल तर माल खरा. पाणीच लालभडक दिसलं तर त्यात रंग मिसळलाय, दुकानदाराला परत करा. खरा गेरू भरपूर पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाची रेती कुंडीत टाका. गढूळ पाणी स्थिर होऊ द्या, नितळलेलं पाणी काढून टाका, उरलेला गाळ सावलीत वाळवा. हाती येईल तो मऊसूत गेरू.

एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग गरम पाण्यात भिजवून फडक्यातून गाळा, त्यात थोडा मध आणि लवंगेच्या तेलाचा थेंब घाला. मध रंग ठिसूळ होऊ देत नाही, लवंग बुरशी धरू देत नाही. मग जाड काचेवर गेरू आणि हे डिंकपाणी एकत्र घोटायचं. मनगट दुखेपर्यंत. कागदावर पट्टा ओढून वाळू द्या. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडलाय, पट्टा चकाकून तडकला तर जास्त झालाय. याहून शास्त्रशुद्ध प्रमाण मला कोणी सांगितलं नाही आणि गरजही पडली नाही.

निळ्याच्या मागे मात्र लागू नका. वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हनसाइट नावाचं झगझगीत निळं खनिज सापडतं, जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. ‘मग तेच कुटूया का?’ असं मला एका शिबिरात विचारलं गेलं. नको! तो निळा कुटण्यासाठी नाही. लाजवर्दासारखाच निळा कारखान्यात बनवण्याची रीत १८२८ च्या सुमाराला युरोपात सापडली, तोच आज अल्ट्रामरीन नावाच्या ट्यूबमध्ये मिळतो. कपड्यांना घालायची पुडीतली जुनी नीळही तीच. अप्पा बळवंत चौकात जा, ट्यूब घ्या आणि मोकळ्या व्हा.

मी बँकेतून निवृत्त झालो, वय ६९. आमच्या चित्रमंडळातले लोक स्केचिंगसाठी बाली, व्हिएतनाम, राजस्थान करतात. माझे गुडघे आणि पेन्शन दोन्ही परवानगी देत नाहीत. प्रवास नाही तर चित्रात नवं काय येणार, असं आता वाटू लागलं आहे.
— एक वाचक, सदाशिव पेठ

काका, तुम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहता आणि मला बालीबद्दल विचारता!

त्या संग्रहालयात शेवटचे कधी गेला होतात? बहुतेक नातवंडांना घेऊन, दीड तासात सगळे मजले. आता एकटे जा. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्यं, गंजिफा असं सगळं गोळा केलं आणि गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. तिथला एक अडकित्ता निवडा. फक्त एक. चित्र काढू द्याल का, असं तिकीटखिडकीवर विचारा. पेन्सिल आणि छोटी वही असली की सहसा कोणाची हरकत नसते. अडकित्त्याच्या मुठीवर मोर असेल, घोडा असेल, जोडपं असेल, त्याच्या मोहात पडू नका. आधी बिजागरी काढा. पातं उघडतं कुठून, दाब येतो कुठे, मूठ हातात धरायची म्हणून कुठे जाड ठेवलीय. कारागिरानं आधी अवजार केलं आणि मग त्यावर मोर बसवला. तुम्हीही त्याच क्रमानं या. आमच्याकडे वारसा म्हटलं की लोक मोर उचलतात आणि बिजागरी सोडून देतात. मग सगळ्यांची चित्रं एकसारखी नटलेली दिसतात.

गुडघे बरे असतील त्या आठवड्यात स्वारगेटहून वाईची एसटी धरा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, त्याच्या भिंतींवर पेशवाईतली चित्रं आहेत. आत सोडतात की नाही ते आधी फोनाफोनी करून ठरवा. नाही सोडलं तरी मागचा कृष्णेचा घाट कोणी काढून घेत नाही. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा तिथेच टांगलेली आहे. घाटाच्या पायऱ्या काढायला अतिशय अवघड. उतरत्या पायऱ्या, त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब आणि काठावर धुणं वाळत घातलेलं. मी तिथे सकाळच्या सकाळ घालवते आणि निम्म्या वेळा फक्त सावल्याच नोंदवून परत येते.

आणि वर्षातून एखादा मोठा बेत करायचाच असेल तर औंधला जा. पुण्यातलं नव्हे, साताऱ्यातलं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. चित्रकारांना घेऊन ते अजिंठ्याला गेले आणि तिथल्या चित्रांच्या प्रती करवून घेतल्या. टेकडीवर त्यांनी १९३८ मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई-बाळाचं शिल्पही. एवढ्याशा गावात!

प्रतींवरून आठवलं. तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की नुसती नक्कल करायची लाज वाटते. कशाला वाटते? ग्रिफिथ्स हे मुंबईच्या कलाशाळेचे मास्तर १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, दहाबारा वर्षं ते काम चाललं. त्या प्रती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत बऱ्याचशा जळाल्या. त्याआधी अजिंठ्याच्याच प्रती करणाऱ्या मेजर गिल यांच्या प्रतींचंही तेच झालं होतं, १८६६ मध्ये, क्रिस्टल पॅलेसच्या आगीत. पण ग्रिफिथ्सबरोबर गेलेल्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नाव काढणारे चित्रकार झाले. कोणाच्या चित्रावरून काढलं ते कोपऱ्यात लिहायचं, आणि बिनधास्त नक्कल करायची.

नॉर्वेत ट्रोम्सोला जाऊन ध्रुवीय प्रकाश पाहिला. मोबाइलमध्ये अप्रतिम फोटो आले. त्यावरून अॅक्रिलिकमध्ये मोठा कॅनव्हास केला, पण बघणारे म्हणतात, ‘वॉलपेपर छान आहे.’ कुठे चुकतंय?
— एक वाचक, बाणेर

तुम्ही फोटो रंगवलात. जे पाहिलंत ते रंगवलं नाहीत.

खरं सांगा, आकाश तुमच्या डोळ्यांना इतकं पोपटी दिसलं होतं? अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग फारसा कळत नाही. प्रकाश मंद असेल तर तो बऱ्याच जणांना राखी, जरा हिरवट धुक्यासारखा दिसतो. कॅमेरा काही सेकंद उघडा राहतो आणि तेवढा वेळ रंग साठवत जातो. खोटं तोही बोलत नाही, पण त्याचं पाहणं वेगळं. मे २०२४ मध्ये सौर वादळाच्या वेळी लडाखमधल्या हानलेला आकाशात लाल झाक आली, तेव्हाही फोटोत जे भडक दिसलं ते नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारं होतं.

विज्ञान थोडं उपयोगी पडेल, कारण त्यातून चित्राची बांधणी मिळते. हिरवा येतो ऑक्सिजनमुळे, साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर. त्याच ऑक्सिजनचा लाल दोनशेच्या वर, विरळ हवेत. म्हणून प्रकाशाच्या पडद्याची खालची कड बरीच रेखीव असते आणि वर जाताना तो विरत जातो. तुमच्या चित्रात खालची कड विरलीय आणि वरची रेखीव आहे. फोटोत घाईघाईनं बघितलं की असं होतं.

तो कॅनव्हास राहू द्या. कागदावर फक्त काळ्यापांढऱ्यात, तीन छटांत, आठवणीतून पुन्हा करा. बर्फ आकाशापेक्षा उजळ होता का? माणसांच्या तोंडावर उजेड पडत होता का? थंडीनं पाय किती वेळ आपटत होतात? मला त्या चित्रात पाय आपटणारी बाणेरची माणसं बघायला आवडतील. एकानं तरी माकडटोपी आणली असणारच.

माझा स्वतःचा नियम कडक आहे, तुम्ही पाळावा असं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी रंगवत नाही. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. पुण्यातल्याच आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे ते झालं, आणि पाऊस पडून पाणी सौम्य झालं की रंग ओसरतो. टाळेबंदीमुळे मी तेव्हा घरात होते. नंतर मला गुलाबी लोणार करून द्या म्हणून विचारणा झाल्या, एक तर हॉटेलच्या स्वागतकक्षासाठी, भिंतभर. नाही केलं. मी पाहिलंय ते शेवाळी हिरवं लोणार, काठावरचा कुजकट वास, बाभळींचं रान, आणि गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या कोरीव भिंतीवर दुपारी सरकणारी सावली. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेला जवळजवळ पावणेदोन किलोमीटरचा खड्डा, तो वरून बघताना वाडग्यासारखा सुबक दिसतो आणि खाली उतरताना घाम काढतो. मला चित्रात तो घाम आणायचाय, अजून चाललंय.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी इंद्रवज्र पाहिलं तेही इथे सांगायला हवं. सकाळी सूर्य पाठीशी, समोर दरीत ढग, आणि ढगावर आपली सावली, तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी कडं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ च्या लेखात याच कड्यावरच्या या गोल इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. गंमत अशी की कडं नेहमी बघणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवती असतं. शेजारच्याचं कडं त्याच्या डोक्याभोवती. आम्ही कड्याच्या टोकापासून मागे पोटावर पडून ओरडत होतो, ‘माझ्याभोवती आहे!’, ‘नाही, माझ्याभोवती!’ आणि दोघंही बरोबर होतो. रंग इतके फिके होते की जलरंगात पाण्याचाच हात जास्त लागला. बाहेरून तांबूस, आत निळसर, मधे आपली बेढब सावली. सावली काढायला विसरू नका, लोक विसरतात. कड्याच्या टोकाला उभं राहून स्केच करू नका, एवढंही लिहून ठेवते.

मी कॉलेजात आहे. मातीच्या कुंड्यांवर आणि कापडी पिशव्यांवर वारली काढून विकते. एका काकूंनी मला सुनावलं की हे चोरी आहे. आहे का?
— एक वाचक, कर्वेनगर

काकूंचा आवाज जरा चढला असेल, पण प्रश्न बरोबर आहे.

तू ‘वारली’ म्हणून जे त्रिकोणी माणसांचं नाचणारं वर्तुळ काढतेस, त्याचं घर लग्नाच्या भिंतीवर आहे. गेरूनं आणि शेणानं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा, बांबूच्या काडीचं टोक. सवाशिणी लग्नचौक काढतात, मधे पालघट देवी. पुरुषांनी आणि कागदानं त्यात यायला १९७० चं दशक उजाडलं. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी रोज, लग्न नसतानाही काढायला घेतलं आणि पुढे त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली चित्रकार आगगाडी, मोबाइल, धरण सगळं काढतात, त्यामुळे ‘शुद्ध’ वगैरे मी तुला सांगणार नाही. या कलेला भौगोलिक संकेतही (म्हणजे हे नाव त्या भागातल्या कलेचंच, अशी सरकारी नोंद) मिळालेला आहे, तेव्हा तू पुण्यात रंगवलेल्या कुंडीवर ‘वारली चित्र’ अशी चिठ्ठी लावू नकोस. शिकण्यासाठी हवं तेवढं काढ. विकायचं असेल तर डहाणू-पालघरच्या चित्रकारांकडून रंगवून घे, त्यांचं नाव पिशवीवर छाप आणि त्यांना पैसे आगाऊ दे. स्वतःचं विकायचं तर स्वतःच्या आजीनं दारात काढलेली ठिपक्यांची रांगोळी आठव. आजी काढायची ना?

मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला बीएफए करायचं आहे. सायन्सवाल्यांना प्रवेश मिळतो का? तयारी काय करावी?
— एक पालक, चिंचवड

मिळतो, शाखेचं बंधन नाही. चित्रकलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेशपरीक्षा, असते, त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झालेल्या असतील तर हात थोडा बसलेला असतो. रोज एक स्मरणचित्र करू द्या: भाजीवाला, बसथांबा, गॅस सिलिंडर उतरवणारा माणूस. क्लास लावायचा की नाही हे तिला विचारा, मला नको.

चित्राची किंमत कशी ठरवू? नातेवाईक फुकट मागतात.
— एक वाचक, धनकवडी

चौकट, कागद, रंग यांचा खर्च आधी लिहून काढा. मग तुमच्याएवढाच अनुभव असणाऱ्यांच्या प्रदर्शनात, बालगंधर्वच्या कलादालनात किंवा सुदर्शनमध्ये, किमती बघून या. गॅलरीचा हिस्सा जाऊन हातात काय राहतं तेही मोजा. नातेवाइकांना सवलत देऊ नका. एक तर भेट द्या, नाहीतर पूर्ण पैसे घ्या. अर्ध्या किमतीत दिलेलं चित्र त्यांच्याकडे कपाटामागे जातं.

पावसाळ्यात जलरंगांच्या कागदावर करडे ठिपके येतात. रंग तिथे फुटून पसरतो. काही उपाय?
— एक वाचक, वारजे

ती बुरशी. कागदावरचं खळीचं आवरण तिनं खाल्लं की रंग टिपकागदासारखा आत ओढला जातो, त्या कागदाला उपाय नाही. तो रंग तपासायला वापरा. नवा कागद जूनच्या आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आडवा ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या त्या भिंती जुलैत घाम गाळतात. फ्रेम केलेली चित्रंही भिंतीला चिकटवून टांगू नका. मागे चारी कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे लावा, वारा खेळतो. कापूर, डांबरगोळ्या असलं काही कागदात घालू नका. दोन दिवस सलग ऊन पडलं तर कागद सावलीत उघडा ठेवून पुन्हा बंद करा, आणि पुड्यांतले निळे दाणे गुलाबी झाले असतील तर त्या बदला.